दोन्ही टोकांना माय

सुरतेची थंडी अंगाला फारशी लागत नाही, ती गाड्यांवर दिसते. परवा ऑफिसातून परतताना पुलाच्या अलीकडे पोंकच्या गाड्या लागलेल्या दिसल्या, तेव्हा कळलं की आली. कोवळ्या ज्वारीचे भाजून काढलेले हिरवे दाणे, त्यांचे ओलसर ढीग, शेजारी लिंबू-मिऱ्याची शेव आणि साखरेचे पांढरे दाणे. खानदेशात याला आम्ही हुरडा म्हणतो आणि शेतात शेकोटीभोवती बसून फुकट खातो. इथे तो तराजूत तोलून घ्यावा लागतो म्हणून माझे वडील, आबा, आयुष्यभर पोंकला नाक मुरडत आले. आणलेला मात्र कधी शिल्लक ठेवला नाही.

त्याच दुपारी ऑफिसातली एक नवी मुलगी माझ्या टेबलाशी येऊन मोठ्या उत्साहानं म्हणाली, "मॅडम, सगळे टेस्ट पास!" मी नुसतं हं केलं. तिचा चेहरा उतरला. बिचारीचं काही चुकलं नव्हतं. प्रोग्राम तपासणं हाच माझा पोटाचा धंदा आहे, गेली कित्येक वर्षं; पण हिवाळ्यात कुणी ‘सगळं पास’ म्हटलं की मला आनंद होत नाही. लिंबायतची आमची दीड खोली आठवते, दारालगतची खाट आठवते, आणि खाटेवर उशीला टेकून बसलेली माय.

नव्वदच्या दशकाची अखेरची वर्षं होती ती. आमच्या गल्लीत कॉम्प्युटर शिकलेली मी पहिलीच. ‘आबांची शोभा कॉम्प्युटर चालवते’ असं बायका एकमेकींना सांगायच्या, जणू मी बसच चालवते. रिंग रोडच्या कापड मार्केटमागे एका जिन्याखालच्या गाळ्यात आमचं ऑफिस होतं. मालक हितेशभाई, मी आणि आणखी दोघं. पंखा लावला की कागद उडायचे, बंद केला की कॉम्प्युटर तापायचा. हितेशभाईंचा स्वभाव मोकळा. पोंकच्या दिवसांत ते रोज पुडा आणायचे आणि कीबोर्डवर शेव सांडायचे, मग ती शेव चिमट्यानं काढायचं काम माझ्याकडे यायचं.

काम होतं एका साड्यांच्या व्यापाऱ्याचं. त्याचं दुकान मार्केटात आणि रंगाई-छपाईची मिल पलसाण्याला, हायवेच्या कडेला. कोणत्या कोऱ्या कापडाला कोणता रंग द्यायचा याचे निरोप दुकानातून मिलला जायचे, तयार मालाचे निरोप मिलमधून दुकानाला. आजवर हे निरोप एक माणूस बसनं घेऊन जायचा. आता ते टेलिफोनच्या तारेतून जाणार होते. दुकानातला आणि मिलमधला कॉम्प्युटर एकाच वेळी जागे असतील याचा भरवसा नाही, म्हणून मधे एक ब्रोकर ठेवायचा. ब्रोकर म्हणजे माणूस नव्हे, प्रोग्रामच. एकाकडून निरोप घ्यायचा, ‘मिळाला’ अशी पोच द्यायची, जपून ठेवायचा आणि दुसरा हजर झाला की त्याच्या हातात द्यायचा. हितेशभाईंना हे समजावताना मी फार घाम गाळला, आणि त्यांनी एका वाक्यात उरकलं, "एटले आपणो दलाल!" मार्केटात जन्म गेलेल्या माणसाला आणखी काय सांगायचं.

मला स्वतःला मात्र ते समजायला काहीच कष्ट पडले नव्हते. आमच्या घरी ब्रोकर होताच.

आबा आणि माझा मोठा भाऊ रवी, म्हणजे आमचा भाऊ, एकमेकांशी बोलत नसत. आबा लूमच्या कारखान्यात विणकर. आयुष्यभर त्या खटाखटीत उभं राहून त्यांना घरीसुद्धा ओरडून बोलायची सवय लागलेली. त्यांनी मुकादमाच्या मागे लागून भावाला आपल्या शेजारचे लूम मिळवून दिले. भाऊ काही दिवस गेला आणि एके दिवशी भर पाळीत चालते लूम तसेच सोडून निघून आला. तुटलेले धागे जोडायला कुणी नाही, आणि लूम आपले विणतच राहिले. सगळं कापड खराब. मुकादमानं सगळ्यांसमोर आबांना काय काय म्हणून घेतलं ते आबांनी कधी घरी सांगितलं नाही. ते आले, भिंतीकडे तोंड करून जेवले आणि त्या दिवसापासून भावाशी बोलणं बंद. भावाचंही रक्त त्यांचंच. तो रिक्षा चालवायला लागला आणि त्यानंही तोंड शिवून घेतलं.

एका खोलीत दोन माणसं वर्षानुवर्षं न बोलता कशी राहतात, असं मला मैत्रिणी विचारायच्या. अगदी सोयीनं राहतात. आबांची पाळी एक आठवडा दिवसाची, एक आठवडा रात्रीची. भाऊ रिक्षा घेऊन पहाटेच बाहेर पडायचा. खाट एकच. एक उठला की दुसरा त्याच उबेत झोपायचा. आणि दोघांच्या मधे माय. आबा मशेरी लावत तिला सांगायचे, "त्याले सांग, रिक्षा दारमा उभी करू नको." भाऊ चपला काढता काढता सांगायचा, "आबाले सांग, पंखा मी दुरुस्त करी आनी देस." माय दोघांचं ऐकायची, डोकं हलवायची, आणि ज्याचा त्याला निरोप पोचायचा. दोघं समोरासमोर असले तरी हाच मार्ग. हातभर अंतरावरचा माणूस ऐकतोय हे माहीत असून निरोप मायकडे द्यायचा आणि तिनं तो पुन्हा म्हणेपर्यंत ऐकलं नाही असं दाखवायचं. मला हसू यायचं, मग चीड यायची, मग सवय झाली.

एकदा मी परीक्षेची सुट्टी म्हणून दिवसभर घरी होते. आबा कामावर जाताना म्हणाले, "त्याले सांग, आठे राहनं व्हई ते नीट राह्य, नहीत जाय कोठेबी." इथे राहायचं तर नीट राहा, नाहीतर कुठेही जा. दुपारी भाऊ जेवायला आला. माय त्याला वाढता वाढता सहज म्हणाली, "आबा म्हनत व्हतात, थंडी शे, सोटर घालीसन जाय." मी तिच्याकडे बघतच राहिले. तिनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, भाकरी उलटली. संध्याकाळी आबा आल्यावर तिनं त्यांना सांगितलं की पोरगा विचारत होता, तुमचा गुडघा कसा आहे. भावानं गुडघ्याचं नावही काढलं नव्हतं. आबा हुं म्हणाले आणि गुडघा चोळत बसले.

मायबद्दलचा माझा आदर तिथून सुरू झाला. त्याआधी मी तिला साधी समजत होते.

हितेशभाईंच्या गाळ्यात आम्ही प्रोग्राम तपासायचो तेव्हा एक अडचण होती. खरा ब्रोकर पलसाण्याच्या मिलमधल्या कॉम्प्युटरवर बसणार. दर वेळी तिकडे फोन लावायचा म्हटलं तर लाइन लागायची नाही, लागली तर मधेच तुटायची. म्हणून मी एक छोटा ब्रोकर लिहिला, जो आमच्या प्रोग्रामच्या पोटातच राहायचा. चाचणी सुरू केली की तो जन्मायचा, संपली की मरायचा. ना टेलिफोन, ना तार, ना पलसाणा. दुकानही मीच, मिलही मीच, आणि मधला तोही माझाच. निरोप सुटायचा आणि डोळ्याची पापणी लवायच्या आत पोचायचा. हितेशभाई शेवेचा घास तोंडात टाकत विचारायचे, "शोभाबेन, बधुं पास?" मी म्हणायची, "बधुं पास." सगळं पास. ते टेबलावर थाप मारायचे आणि उरलेली शेवही कीबोर्डवर जायची.

किती सुख होतं त्या चाचण्यांत! घरी जाताना शेअर रिक्षात कोंबून बसले तरी मी आतून हलकी असायची. उत्तरायणाची, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांची, चाहूल लागलेली असायची. रस्त्याच्या कडेला खांबांना दोऱ्या ताणून लोक मांजा घासत बसलेले, त्यांचे हात कोपरापर्यंत गुलाबी. लिंबायतच्या तोंडाशी उतरलं की लूमचा आवाज सुरू. बाहेरच्या माणसाला तो गोंगाट वाटतो, आम्हाला तो थांबला तर झोप येत नसे. गल्लीत शिरलं की भावाची रिक्षा दारातच लावलेली. म्हणजे आबांचा निरोप मायनं बदलून दिला, एवढं मला दुरूनच कळायचं.

त्याच थंडीत माय नळावर पाणी भरता भरता पडली. हंडा गडगडत गेला तो आवाज ऐकून मी बाहेर धावले. सरकारी दवाखान्यातून तिला घरी आणलं तेव्हा तिची उजवी बाजू गेली होती आणि वाचाही. डॉक्टर म्हणाले, समजतं सगळं, बोलता मात्र येणार नाही. तिला समजत होतं हे आम्हाला कुणी सांगायची गरज नव्हती. तिचे डोळे दार उघडलं की दाराकडे जायचे, आणि आत कोण आलं ते बघून दुसरा कुठे आहे ते शोधायचे.

मला भाबडी आशा होती. वाटलं, आता मधे कुणी नाही, आता तरी दोघांना बोलावं लागेल. मायच्या आजारातून एवढं तरी चांगलं निघेल. मी औषधं आणायची, तिला भरवायची आणि वाट बघायची.

काय झालं ते अजूनही मला नीट सांगता येत नाही. दोघं निरोप देतच राहिले. मायलाच. आबा पाळीवरून येऊन खाटेशी बसायचे, तिचा वाकडा हात आपल्या हातात घ्यायचे आणि म्हणायचे, "त्याले सांग, दूध सकायनं लई ये." भाऊ तिच्या केसांना तेल लावता लावता म्हणायचा, "आबाले सांग, दवाई लागनी ते मी आनस." माय ऐकायची. पूर्वीसारखंच डोकं हलवायची. मग दुसरा आला की तिचे ओठ हलायचे, घशातून एक ओलसर आवाज यायचा, डोळ्यांत पाणी भरायचं, आणि निरोप आतच राहायचा. त्यावर पुढचा निरोप पडायचा. त्यावर आणखी एक. मला ते बघवत नसे. मी दोघांवर ओरडायची, "तिला का छळता? मला सांगा ना!" आबा मान खाली घालायचे. भाऊ बाहेर जाऊन रिक्षा पुसत बसायचा.

आज वाटतं, त्यांना तरी दुसरं काय येत होतं? तिच्याशी बोलणं हीच त्यांची एकमेकांशी बोलायची भाषा होती. ती सोडली असती तर दोघंही मुके झाले असते.

त्याच दिवसांत पलसाण्याचं काम बसवलं. हितेशभाई आणि मी त्यांच्या स्कूटरवरून गेलो. हायवेला लागलं की हवेत रंगांचा आंबट वास येतो आणि मिलच्या मागचा ओढा ज्या दिवशी जो रंग चालू असेल तो घेऊन वाहतो. त्या दिवशी तो राणी रंगाचा होता. लग्नसराई तोंडावर होती. मिलच्या ऑफिसात कॉम्प्युटरला हार घातला होता, पडद्यावर कुंकवाचं बोट लावलं होतं. निरोप सुटले, पोचले. शेठनी पेढे दिले. पहिले काही दिवस मी तिथे बसून आलेले निरोप संध्याकाळच्या आतच रंगवाल्यांना काढून द्यायची, तोवर सगळं सुरळीत होतं. मग एके सकाळी दुकानातून फोन आला की काल पाठवलेल्या रंगांपैकी एकाही रंगाला मिलमध्ये हात लागलेला नाही, कोरं कापड तसंच पडून आहे. दुसऱ्या दिवशीही तेच. दुकान म्हणे, आम्हाला तर पोच मिळाली. मिल म्हणे, आमच्याकडे काहीच आलं नाही. दोघंही खरं बोलत होते.

मग आम्ही एक संध्याकाळ मिलमध्ये बसून राहिलो आणि बघितलं. ऑफिस बंद करायची वेळ झाली. तिकडे ‘बंद’ हा शब्द उच्चारत नाहीत, अशुभ. ‘वधावी लो’, वाढवून घ्या, म्हणतात. तिथल्या जुन्या कारकुनानं देवाला अगरबत्ती लावली, तीच अगरबत्ती हारासकट कॉम्प्युटरला ओवाळली, हात जोडले, पुटपुटला, "वधावी लो," आणि भक्तिभावानं भिंतीवरचा मेन स्विच खाली ओढला. दुकानातून दिवसभरात आलेले आणि रंगवाल्या मास्तरांनी सकाळी घ्यायचे सगळे निरोप ब्रोकरच्या डोक्यात होते. डोक्यातच होते, कुठे लिहून ठेवलेले नव्हते. अंधार झाला तेव्हा ते गेले. सकाळी ब्रोकर उठला तो कोरा, स्वच्छ, कालचं काहीही न आठवणारा.

आमच्या पोटातल्या ब्रोकरचं हेच तर होतं. तो दर चाचणीला नवा जन्मायचा. त्याला ‘काल’ नव्हता, म्हणून कालचं काय होतं हा प्रश्नच आम्हाला कधी पडला नाही. ज्याला कुणी अंधारात लोटलं नाही, ज्याच्याकडे न दिलेलं काही उरलं नाही, ज्याची दोन्ही टोकं एकाच प्रेमळ हातात होती, तो पास होणारच होता. शेठनी दुसऱ्याच दिवशी कॉम्प्युटरचा हार काढला आणि जुना माणूस बसनं पाठवायला सुरुवात केली. हितेशभाईंना म्हणाले, "आना करतां मारो माणस सारो. भूली जाय, पण पूछो तो जवाब तो आपे." याच्यापेक्षा माझा माणूस बरा, तो विसरतो, पण विचारलं तर उत्तर तरी देतो. हितेशभाईंचं ते ऑफिस पुढे फार काळ चाललं नाही.

मी घरी आले तेव्हा भाऊ खाटेशी बसला होता. त्याची पाठ दाराकडे होती, म्हणून चप्पल काढणारी मी त्याला दिसले नाही. तो मायच्या पायांकडे बघत हळू म्हणाला, "माय, आबाले सांग, मी गोडादराले खोली देखेल शे. उत्तरायण झाया का जास. पन त्या एकदा नको म्हनतीन, ते मी नही जात." गोडादऱ्याला खोली बघितली आहे, पण आबा एकदा नको म्हणाले तर मी जात नाही. माय त्याच्याकडे बघत राहिली. तिचा डावा हात उचलला गेला आणि पुन्हा पडला.

आबांना खोलीची कुणकुण बाहेरून लागलीच होती, लिंबायतमध्ये काय लपतं? दुसऱ्या सकाळी ते रात्रपाळीवरून आले. अंगावर कापसाची पांढरी धूळ. भाऊ रिक्षा घेऊन गेला होता. मी चुलीपाशी होते. आबांनी मायच्या कपाळावरून हात फिरवला आणि जन्मात पहिल्यांदा मी त्यांना न ओरडता बोलताना ऐकलं. "त्याले सांग, जाऊ नको म्हना. घर त्यानंच शे."

मी हातातली परात खाली ठेवली. मायच्या पोटात दोन्ही निरोप होते. जे एकाला हवं होतं तेच दुसऱ्यानं दिलेलं होतं. इतकी वर्षं ती खोटे गोड निरोप घडवत आली, आणि खरे गोड निरोप आले तेव्हा तिला तोंड नव्हतं. पण मला तर होतं! मी तशीच निघाले आणि रिक्षा स्टँडवर जाऊन भावाला गाठलं. धापा टाकत सांगितलं, आबा म्हणाले, जाऊ नको, घर तुझंच आहे.

भाऊ हसला. त्या हसण्यात राग नव्हता, तेच वाईट. म्हणाला, "तू बी माय सारखीच शिकनी."

"शप्पथ भाऊ! माझ्या कानांनी ऐकलं."

"माय बी असंच सांगे. आबा म्हनत व्हतात सोटर घाल, आबा म्हनत व्हतात जेवी ले." त्यानं हँडलवरचं फडकं झटकलं. "माले काय समजत नही का? आबा असं म्हनतीन का कधी? मायनं मन राखाले मी हो म्हने. ती माय व्हती."

मी हात जोडले, रडले, स्टँडवरचे सगळे बघत होते. त्यानं मला रिक्षात बसवलं आणि घरापर्यंत सोडलं, समोर आलेल्या गिऱ्हाइकाला नाही म्हणून. आत आला नाही.

मग आबांना सांगितलं. भाऊ म्हणाला आहे, तुम्ही एकदा नको म्हणा, तो राहील. आबांनी माझ्याकडे बघितलं. बघता बघता त्यांचा चेहरा मऊ झाला, आणि मला वाटलं, झालं, जमलं. ते म्हणाले, "त्यानी सांगं, का तू तुन्हा मनथून सांगी ऱ्हायनी?"

"त्यानं सांगितलं आबा. मायला."

"हां." त्यांनी मान हलवली. "तुनी माय बी भलती गोड बोले. गुडघाना विचारतो म्हने पोऱ्या." आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून, माझीच समजूत काढल्यासारखं थोपटून, ते भिंतीकडे वळून झोपले.

म्हणजे दोघांनाही सगळं माहीत होतं. पहिल्यापासून. मायचे निरोप कुणीच खरे धरले नव्हते, नुसते तिच्या मायेपोटी स्वीकारले होते. आणि तीच मोठी पंचाईत होऊन बसली. कारण त्यामुळे ‘बाप माझ्याबद्दल चांगलं बोलतो’ आणि ‘पोरगा माझी विचारपूस करतो’ ही दोन्ही वाक्यं आमच्या घरात कायमची खोटी ठरली. पुढे कधी ती खरी झाली तरी ओळखणार कोण? दुकानही तीच होती आणि मिलही तीच. दोन्ही टोकांना माय होती, म्हणून सगळं पास होत होतं. त्या दोघांची तार एकमेकांना जोडून कुणी कधी बघितलीच नव्हती.

उत्तरायणाला आम्ही मायला वर गच्चीवर नेलं. भावानं तिला पाठीवर घेतलं, आबांनी मागून खुर्ची आणली. सगळ्या गच्च्यांवर माणसं, लाउडस्पीकर, ‘काप्यो छे’च्या आरोळ्या, आणि आमच्या गच्चीवर नेहमीचा अबोला. भाऊ एका कोपऱ्यात पतंग चढवत होता. लहानपणी त्याची फिरकी आबा धरायचे. अबोला धरल्यापासून माय धरायची. त्या वर्षी फिरकी तिच्या मांडीवर ठेवलेली, त्यावर तिचा डावा हात, आणि भावानं दोर ओढला की ती घसरून खाली पडायची. मी उचलायला पुढे झाले, तेवढ्यात आबांनी उचलली. काही न बोलता दोन्ही टोकांना धरली आणि उभे राहिले, भावाच्या पाठीमागे.

भाऊ वर बघत होता. "ढील," तो म्हणाला. आबांनी ढील दिली. फिरकी गरगर फिरली, पतंग लांब गेला, आणखी लांब. "खेच." आबांनी गुंडाळायला घेतलं. माय बघत होती. तिच्या तोंडाच्या चांगल्या बाजूला हसू फुटलं होतं. मी देवाला इतकं कधी मागितलं नाही जितकं त्या वेळी मागितलं, की याला आता मागे वळून बघू दे.

पतंग कापला गेला. भावाचा दोर एकदम सैल पडला, आणि तो सवयीनं मागे वळून म्हणाला, "माय, गया..."

समोर आबा होते. हातात फिरकी. दोघं एकमेकांकडे बघत उभे राहिले. आबांचे ओठ उघडले, हे मी पाहिलं आहे. मग त्यांनी मान मायकडे वळवली आणि म्हणाले, "त्याले सांग, दोर गुंडाळी ले." फिरकी तिच्या मांडीवर ठेवून ते जिना उतरून गेले. मायचं हसू तिथेच अर्ध्यावर राहिलं.

भाऊ गोडादऱ्याला गेला. पोंकच्या गाड्या उठल्या, ऊन चढायला लागलं, आणि माय गेली. तिरडीला पुढून आबांनी खांदा दिला, मागून भावानं. लोक म्हणाले, मायच्या निमित्तानं बापलेक एक झाले. जाळायच्या वेळी मला एकच वाटत होतं, की तिच्या आत ते सगळे निरोप अजून आहेत. दूध सकाळी आण, औषध मी आणतो, जाऊ नको, जात नाही. भावानं अग्नी दिला. तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, चला, संपलं.

परवा मी पोंकचे दोन पुडे घेतले. एक गोडादऱ्याला भावाकडे दिला. त्याचे केस पिकलेत, रिक्षा आता त्याचा मुलगा चालवतो. दारात मला सोडताना तो म्हणाला, "आबाले सांग..." आणि थांबला. "काही नही," तो म्हणाला, "जाय, अंधार पडी."

दुसरा पुडा घेऊन लिंबायतला गेले. लूमचा आवाज आता आमच्या गल्लीत कमी झालाय, आबांना मात्र ऐकूच कमी येतं. त्याच खाटेवर बसतात. मी पोंक वाटीत काढला, वर शेव घातली. त्यांनी नेहमीप्रमाणे नाक मुरडलं आणि खायला लागले. खाता खाता, माझ्याकडे न बघता, विचारलं, "काय म्हने तो?"

"तुमचा गुडघा कसा आहे, विचारत होता."

आबा हसले. दात नसल्यामुळे दाणे तोंडात घोळवत बराच वेळ हसले. मी विचारलं, "आबा, त्याला काही सांगू का?"

त्यांनी वाटी खाली ठेवली. भिंतीवरच्या मायच्या फोटोकडे बघितलं, मग दाराकडे, जिथे पूर्वी रिक्षा लागायची.

"तूच काहीतरी सांगी दे," ते म्हणाले. "तो कोठे खरं मानतो."